डावीकडून तिसरी

त्या मंगळवारी मी चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या क्लीनरूममध्ये, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या ढगळ कपड्यांत, कामावर होतो. तिथे फोन नेऊ देत नाहीत. दुपारी बाहेर येऊन लॉकर उघडला, तर हॉस्पिटलचे सहा मिस्ड कॉल. हायवेवर बर्फावरून नीलांबरीची गाडी घसरली होती. मी पोहोचलो तेव्हा ती गेलेली होती. फेब्रुवारी २००८. आमच्या लग्नाला चार वर्षंही झाली नव्हती.

ती मला भेटली ती मी चुकीच्या दारातून शिरलो म्हणून. इथे अमेरिकेत, श्रूजबरीतल्या एका चर्चचे दोन हॉल त्या रविवारी भाड्याने दिले होते. खाली आपल्या मंडळाची संक्रांत, वर जुन्या पोस्टकार्डांचं प्रदर्शन. मी मटकीच्या उसळीचा ट्रे घेऊन वर गेलो.

"उसळ लांब धरा हं," एक मुलगी म्हणाली. "ही कार्डं शंभर वर्षांची आहेत."

"मी मराठी आहे हे कसं कळलं?"

"उसळीवरून!"

ती इतिहासात पीएचडी करत होती. खाली तिची शुभामावशी तिला एकेका मुलाला दाखवत होती, म्हणून ती वर पळून आली होती. तिच्या हातातल्या फोटोकार्डावर वाळूत सात जण ओळीने उभे होते. पांढरे ढगळ कपडे, टोकदार टोप्या. इंग्लंडच्या किनाऱ्यावर गाऊन-नाचून लोकांना हसवणारी मंडळी. दोन खेळांच्या मधे ही मंडळी स्वतःच मागे सही करून आपली कार्डं विकायची, असं त्या मुलीने सांगितलं.

"आम्हीही कामावर असेच दिसतो," मी म्हणालो. "फक्त कुणी हसत नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं... आणि हसली.

"यातल्या सहा जणांची नावं मला सापडली आहेत. ही डावीकडून तिसरी — हिचंच नाही. बघा ना, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. ही शेजारच्याकडे."

कार्डाच्या मागे कुठल्याशा अल्बमचा काळा कागद घट्ट चिकटलेला होता. तिला ते परवडणारं नव्हतं. ती खाली गेल्यावर मी ते विकत घेतलं.

घरी मी ते साफ केलं. आमच्याकडे कामावर सगळं अल्कोहोलने पुसतात, तसंच. काळा कागद सुटला. खाली इंग्रजीत शाईने लिहिलं होतं, 'डावीकडून तिसरी, ती मी.' पुढे सही होती. ती वाचायच्या आत जांभळं पाणी होऊन कापडात उतरली.

तोवर आमचे दोन-तीन फोन झाले होते, 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. शनिवारी मी लायब्ररीत जाऊन कार्ड तिच्यापुढे ठेवलं, आणि सगळं सांगितलं. तिने कार्ड उलटून पाहिलं.

"कशाला पुसलंस, प्रल्हाद?"

"तुला स्वच्छ द्यायचं होतं."

"कागद परत चिकटवला असतास तर मला कळलंही नसतं."

"हो. पण तू आयुष्यभर शोधत राहिली असतीस, आणि ते मीच पुसलं हे मला मात्र माहीत असतं."

"आयुष्यभर?" तिने मान वर केली. "म्हणजे तेवढा वेळ शेजारी बसणार होतास वाटतं?"

"चालत असेल तर..."

"शिक्षा म्हणून चालेल. नाव आता तू शोधायचंस — माझ्याबरोबर."

मग दर वीकेंडला आम्ही कुठल्या ना कुठल्या प्रदर्शनाला ड्राइव्ह करायचो. लग्नानंतरही. तिला ती बाई आणखी तीन कार्डांवर सापडली. दर वेळी शेजारी तोच माणूस.

"लग्न झालं असणार यांचं," मी म्हणायचो.

"पुरावा?"

"ती बघते कशी, बघ ना."

"हा पुरावा नाही यार," ती म्हणायची, आणि माझ्याकडे तसंच बघायची.

आता शुभामावशी म्हणतात, कार्डं नीलांबरीच्या युनिव्हर्सिटीला देऊन टाक. मी म्हणालो, "इतक्यात नाही." त्या बाईचं नाव विचारायला इंग्लंडमधल्या लायब्ररींना पत्रं नीलांबरीच लिहायची. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. तिच्या यादीतल्या अकरा लायब्ररींना तिची पत्रं गेली, अकराही ठिकाणांहून नकार आला. चार अजून बाकी आहेत. त्यांना आता मीच लिहायचं, ते राहिलं आहे.