बर्फाचा भार

चर्र... बॅगेची चेन ओढल्याचा आवाज झाला आणि सकाळपासून घरात साचलेली शांतता फाटली!

वैष्णवी ओट्याशी थबकली. ती बॅग तिचीच... पाच वर्षांपूर्वी गोव्यातल्या जहाज कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा हौसेने घेतलेली. पण त्याच आठवड्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या, नणंद सानवी बारावीला, पोटात आरोही... "मी थांबते," असं तीच म्हणाली होती. आज सानवी वैष्णवीसारखंच जहाजबांधणीचं शिक्षण संपवून त्याच कारखान्यात मुलाखतीला निघाली होती. वर्षभर अकरा ठिकाणी 'आधी अनुभव आणा' ऐकलेल्या पोरीला आलेलं हे एकमेव बोलावणं! आनंद व्हायला हवा होता... पण वैष्णवीच्या काळजात निखारा धुमसत होता.

कारखान्याने मुलाखतीसाठी मासेमारी बोटीचा नकाशा करून मागवला होता. सानवीने वजनाच्या हिशेबात सगळा बर्फ खाली, बोटीच्या पोटातल्या खणात धरलेला वैष्णवीने कालच पाहिला होता. लांबच्या फेरीला निघताना मिरकरवाडा बंदरात तो डेकवरही रचतात, हे पुस्तकात कुठून असणार? एवढा भार वर चढला की ही बोट कलंडणार... आणि मुलाखतीत सानवीसुद्धा!

कलंडू दे, मन म्हणालं. तिलाही कळू दे एकदा!

"येते गो वयनी," सानवी वाकून पाया पडली. "बॅग परत आणीन हां. कोणाची हाय ते विसरले नाय मी."

वैष्णवीने बॅगेचा पट्टा धरला.

"थांब! डेकवर बर्फ धरलास?"

"डेकवर? खण हाय की..."

"माझ्या बापाने जन्मभर डेकवर बर्फ रचला, तो काय सरबताला?"

सानवी पांढरीफटक पडली. "तुला कधी दिसलं?"

"काल..." वैष्णवीला हुंदका आवरेना. "जळत होते गो मी तुझ्यावर!"

सानवीनेच वहिनीचे डोळे पुसले. बाहेर हातखंब्याला, गोव्याच्या बसपर्यंत जायची रिक्षा भोंगा वाजवत राहिली आणि आत दोघी नकाशावर ओणवून आकडे नव्याने मांडत राहिल्या. निघताना सानवीने नकाशावरच्या 'तपासले' या रिकाम्या चौकटीत ठळक अक्षरांत लिहिलं... वैष्णवी.

रिक्षा वळणाआड गेली. आरोहीने आईचा पदर ओढला.

"आई, बर्फाचं तर तुला येत होतं... मग आत्या का गेली?"