खाली पडलेला फासा

आमची पहिली भेट झाली ती वहिनीच्या जेवणाच्या टेबलाखाली. माझा फासा घरंगळत खाली गेला, मी वाकले, समोरून तोही वाकला आणि... धाडकन कपाळावर कपाळ!

"वीस!" मी कपाळ चोळत ओरडले. वीस म्हणजे सगळ्यात मोठा आकडा.

"खाली पडलेला फासा बाद," तो शांतपणे म्हणाला. "पुन्हा टाका."

पुन्हा टाकला, तर तीन. असा राग आला म्हणून सांगू!

वहिनीचा हा खेळ म्हणजे एक गोष्टच. ती प्रसंग रंगवते, आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मी झाले होते चोरटी. तो, म्हणजे वहिनीच्या मैत्रिणीचा भाऊ, चिलखत घातलेला सरदार. एरवी मी केस कापते — सगळं नजरेच्या अंदाजानं. तो लिफ्ट तपासतो — सगळं नियमानं. मग काय, दर रविवारी आमची जुंपायचीच.

"मी झुंबराला लोंबकळून राक्षसाच्या डोक्यावर उडी मारते!" असं मी म्हटलं, की हा लागलाच जाडजूड पुस्तकाची पानं उलटायला. "झुंबर किती वजन पेलतं, ते बघावं लागेल..."

"अहो, तोवर राक्षस म्हातारा होईल!"

"नियमच नसले तर हरायची भीती नाही. मग जिंकण्यात मजा कसली?"

"मजा गोष्टीत असते, लिफ्टवाले!"

तो हसायचा — मान खाली घालून, पुस्तकातच. कानामागचे केस वाढले होते त्याचे. माझे हात शिवशिवायचे... कात्रीसाठीच हं, दुसरं काही नाही. निदान स्वतःला तरी मी तसंच सांगायचे.

वहिनीला मात्र माझा पुळका. हळूहळू ती नियम सोडून मला हवं तेच घडू द्यायला लागली. मी खूश, आणि त्याचं पुस्तक मात्र मिटलेलंच. एका रविवारी खेळ चालू असतानाच तो पुस्तक पिशवीत भरत म्हणाला, "आज शेवटचं. आमच्या ऑफिसात एक गट आहे, तिथे नियमानं खेळतात. तिकडे जाईन म्हणतो."

वादात जिंकले होते ना मी? मग रडू का येत होतं?

त्याच डावात माझी चोरटी बुरुजावरून निसटली आणि एका हातावर लटकली. इतके महिने जिवापाड जपलेली पोर माझी! सरदार धावला.

"तुझ्या शेवटच्या दिवशी तरी नियमानं. पंधराच्या वर पडलं तर तिचा हात धरलास," वहिनी म्हणाली, "नाहीतर गेली ती."

त्यानं घाईघाईनं टाकला. फासा टप्पे खात थेट टेबलाखाली.

दोघंही वाकलो, या वेळी कपाळं सांभाळून. वीस!

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच कुजबुजला, "टेबलावरच पडला होता म्हणून सांगू?"

नियमांचा हा माणूस... माझ्यासाठी खोटं बोलायला निघाला होता!

"नाही," मी म्हणाले. "खाली पडलेला फासा बाद. पुन्हा टाका."

"मरेल ती."

"मरू दे. पण तुम्ही... तुम्ही जाऊ नका ना. मला आवडता तुम्ही. त्या पुस्तकासकट."

वरून वहिनीचा आवाज आला, "फासा सापडला का? की तिकडेच संसार थाटताय?"

त्यानं पुन्हा टाकला. चार.

"गेली गं बिचारी," वहिनी हळहळली.

"जाऊ दे. आणि वहिनी, आजपासून माझे लाड बंद," मी म्हणाले. मी हसतही होते आणि डोळेही पुसत होते.

त्यानं पिशवीतून पुस्तक बाहेर काढलं आणि खुर्ची माझ्या शेजारी ओढली.

"नवीन पात्र करू या. कशी हवी?"

"सरदारावर जीव जडलेली. बघा बरं पुस्तकात, त्याला काय नियम आहे ते."

त्याचे कान लाल झाले. त्यानं पुस्तक उघडलंच नाही.

"याला फासा लागत नाही," तो म्हणाला, आणि टेबलाखाली त्यानं माझा हात धरला.