खांबापलीकडचं उत्तर

मी सिव्हिल इंजिनियर आहे. भुतंखेतं माझ्या धंद्यात बसत नाहीत. पण हे माझ्या स्वतःसोबत घडलंय, आणि अजून संपलेलं नाही, म्हणून लिहितोय. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. मलाही ठेवायचा नव्हता.

रात्र नव्हती.

मंगळवार, २८ मे २०२४. दुपारचे अडीच. ग्वाल्हेर, थाटीपुरच्या थोडं पुढे.

मे महिन्यात आमच्याकडे त्या वेळेला रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा, वाहत असतो, दारं लावलेली असतात, घराघरात कूलर घरघरत असतात. तशा उन्हात मी एका नव्या हॉस्टेलसमोर गाडी थांबवली. तीन मजली इमारत. जूनमध्ये तिथे साठ मुली राहायला येणार होत्या.

आठ दिवसांतली माझी ती सातवी साइट होती. इतका थकलो होतो की गाडीतून उतरायचंही जिवावर आलं होतं.

ठेकेदार समरजीत कागद घेऊन खिडकीशी आला. गावातल्याच शिंदे की छावनी भागातला तरुण पोरगा, गोड बोलणारा.

"दादा, वर कशाला चढता? लू लागेल ना तुम्हाला. इथेच साइन करून टाका, बस. बाकी मैं देख लूँगा."

कागदावर छापलं होतं, 'सर्व खांब प्रत्यक्ष तपासले असून इमारत राहण्यास सुरक्षित आहे.'

मी स्टिअरिंगवर कागद ठेवला आणि सही केली.

खोटं कशाला बोलू? मला लाजही वाटली नाही. झोप येत होती फक्त.

कागदाला चार फोटो जोडायचे होते, तेवढ्यासाठी मी वर गेलो. समरजीत खाली कडुलिंबाच्या सावलीत बसला.

दुसऱ्या मजल्यावर फोटो काढले. खिशात छोटी हातोडी होती. सवयीनं पहिल्या खांबावर ठोकली.

ठण्.

आणि पलीकडून उत्तर आलं...

टक्-टक्... टक्.

इथे मला रघुनाथरावांबद्दल सांगावं लागेल.

रघुनाथराव माझे गुरू. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं उभी केली आणि स्वतः छावनीत दोन खोल्यांत भाड्यानं राहिले. खांब तपासायला आता मशीन आहेत. पण रघुनाथरावांची पद्धत जुनी होती. खांबाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. मी हातोडी मारायची, त्यांनी पलीकडून कान लावायचा. आवाज स्वच्छ आला की ते घराच्या किल्लीनं खांबावर वाजवायचे. दोनदा, मग थांबून एकदा.

"भरीव असेल तर उत्तर द्यायचं," ते म्हणायचे. "पोकळ असेल तर गप्प राहायचं. शंका असली तरी गप्पच राहायचं. समजलं?"

एकदा त्यांनी मला विचारलं होतं, "अंबरीश, माणूस घर कशाला बांधतो रे?"

"राहायला."

"राहायला झाडाखालीही राहता येतं. बांधतो झोपायला. वरून काही पडणार नाही अशी खात्री असली की माणूस डोळे मिटतो. ती खात्री त्याला कोणीतरी द्यावी लागते. म्हणून त्यानं झोपायचं, आणि आपण जागं राहायचं. हीच आपली नोकरी."

२०२२च्या जानेवारीत ते गेले. मीच खांदा दिला होता.

आता ऐका.

मला वाटलं, समरजीत वर येऊन थट्टा करतोय. दुसऱ्या खांबावर ठोकलं.

टक्-टक्... टक्.

तिसऱ्यावर.

टक्-टक्... टक्.

किल्लीचाच आवाज. बारीक, जरा किरटा. माझ्या मानेवरचा घाम एकदम गार पडला. खरं तर पळायला हवं होतं. पण तुम्हाला सांगतो, भीतीच्या आधी मला हायसं वाटलं. दोन वर्षांनी पलीकडे कोणीतरी होतं.

मी ठोकत गेलो, उत्तर येत गेलं. चौथा, पाचवा, सहावा...

सातवा खांब कोपऱ्यातला.

ठोकलं.

काहीच नाही.

पुन्हा ठोकलं. जोरात.

लू थांबली होती. खाली कुठेतरी चालणारा पंपही बंद पडला होता. इतकी शांतता की माझाच श्वास मला ऐकू येत होता.

"रघुनाथराव?" मी म्हणालो.

पलीकडे बघायला म्हणून मी खांबाला धरून वाकलो...

पलीकडे उभं राहायला जागाच नव्हती. खांब इमारतीच्या बाहेरच्या कडेला होता. त्याच्यामागे सरळ दोन मजल्यांची पोकळी, आणि खाली तापलेली रेती.

जिना कसा उतरलो ते आठवत नाही. समरजीत कडुलिंबाखालीच होता. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात माझ्या सहीचा कागद, पायात चपलाही नव्हत्या.

"दादा, वर दुसरे साहेब कोण आहेत?"

"का?"

"मी ऐकत होतो ना. तुम्ही ठोकता, फिर कोई और ठोकता है. बाद में एकदम बंद."

मी त्याच्या हातातला कागद ओढून घेतला आणि फाडला. तो चिडला. हॉस्टेलवाल्यांना काय सांगू, म्हणाला. दादा, तुम्हाला ऊन लागलंय, म्हणाला. मी एकच म्हटलं, "कोपऱ्यातला खांब माझ्यासमोर फोड. आत्ता."

वरचा स्लॅब टेकू लावून धरला आणि संध्याकाळी फोडायला घेतला. वरचा थर बोटभर जाडीचा निघाला. आत सिमेंट नव्हतंच. सुटी खडी, आणि खडीत सिमेंटच्या पिशवीचा चुरगळलेला कागद. माझा हात मनगटापर्यंत आत गेला. वरचं ओझं बाकीचे खांब कसेबसे वाहत होते.

समरजीत तिथेच जमिनीवर बसला. "मला नव्हतं माहीत, दादा. आईशपथ. भराई के दिन मैं था ही नहीं." मग म्हणाला, "साठ मुली..."

हॉस्टेल त्या वर्षी उघडलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. लोक मला शाबासकी देतात, पेढे देतात. मी ते गुपचूप घेतो.

कारण गाडीत बसून केलेली ती माझी पहिली सही नव्हती.

पहिली सही रघुनाथराव गेल्यावर तेराव्या दिवशी केली होती. थाटीपुरमधली चार मजली इमारत. मी तिथे गेलो, हातोडी काढली, पहिल्या खांबापाशी उभा राहिलो आणि मला ठोकता येईना. पलीकडे कोणी नव्हतं. रडू आलं. गाडीत येऊन बसलो आणि सही करून दिली.

पुढच्या वर्षी त्याच इमारतीत एक फ्लॅट विकायला निघाला. चौथा मजला. बायको, निवेदिता, बघायलाही आली नाही. म्हणाली, "तुम्ही पास केलेली बिल्डिंग ना? मग काय बघायचं!"

आम्ही तिथेच राहतो. निवेदिता, आमची लेक गरिमा आणि मी. इमारतीत आणखी पंधरा कुटुंबं.

मशीन आणून खांब तपासणं एका दिवसाचं काम आहे. पुढच्या आठवड्यात करू, म्हणतो. पुढचा आठवडा येतो, जातो. काही निघालं तर पंधरा दारं वाजवून काय सांगू? दिवसभर इतरांचे खांब तपासून घरी येतो आणि आपल्या भिंतीला पाठ लावून बसतही नाही.

गेल्या गुरुवारी मी कामावरून आलो तेव्हा निवेदितानं विचारलं, "अहो, बाहेरून काही काम चाललंय का? दुपारी किचनच्या खांबावर कोणीतरी वाजवतं."

"कसं वाजवतं?"

"दोनदा, मग एकदा. आणि थांबतं. असं वाटतं की बिचारं वाट बघतंय. मग पुन्हा."

किचनचा तो खांब बाहेरच्या कडेला आहे. पलीकडे चार मजल्यांची पोकळी.

आज रविवार. मी घरीच आहे. दुपारचे अडीच वाजून गेलेत. कूलरसमोर निवेदिता आणि गरिमा गाढ झोपल्या आहेत. गरिमाचा एक पाय नेहमीसारखा गादीबाहेर आलाय.

मी किचनमध्ये स्टुलावर बसून हे फोनवर लिहितोय. मांडीवर हातोडी आहे.

टक्-टक्... टक्.

आज अकरावी वेळ.

या वेळी विचारणारे ते आहेत, आणि उत्तर मला द्यायचंय. भरीव असेल तर ठोकायचं, शंका असेल तर गप्प राहायचं. नियम त्यांचाच आहे.

मी अजून ठोकलेलं नाही.

टक्-टक्...

त्या दोघी झोपल्यात. मी जागा आहे.