साच्यावरचा मैदा

ओव्हन बंद पडला म्हणून बेकरीवाल्याने इलेक्ट्रिशियन बोलावला, आणि आली ती. खांद्यावर हत्यारांची पिशवी, तोंडावर मास्क. बघता बघता ओव्हन सुरू! बेकरीवाला खूश होऊन बिस्किटांची बशी घेऊन आला.

"नको. मला सीलिअ‍ॅक आहे. गहू पोटात गेला की आतडी बिघडतात."

"एकसुद्धा नाही?"

"कणसुद्धा नाही. मास्क काय तुमचं तोंड बघून लावलाय होय? पीठ उडतंय इथं!"

तो हसला... आणि हसतच राहिला. त्यानंतर त्या ओव्हनला काय झालं कोण जाणे, सारखा बिघडायला लागला. एकदा तर नुसता प्लगच काढलेला! तिने गुपचूप परत लावला आणि विचारलं, "आणखी काही बिघडलंय?"

"बिघडलंय की," तो मान खाली घालून म्हणाला. "पण ते ओव्हनमध्ये नाही."

अहाहा! झालं की मग सुरू. दोघं बागेत बसायची, तो त्याचं खायचा, ती तिच्या डब्यातलं. कित्येक वर्षांत तिने दुसऱ्याच्या हातचं खाल्लं नव्हतं. आधीचा एक "एवढं सांभाळायचं कुणी?" म्हणून निघून गेला होता. डबा असला की कुणावाचून अडत नाही, असं ती ठणकावून सांगायची. मनातून मात्र वाटायचं, कुणीतरी आपल्यासाठी रांधावं.

म्हणून त्याने केक केला तेव्हा ती हरखली. तांदळाचं पीठ, नवं भांडं, नवा साचा. तिने पोटभर खाल्ला, आणि संध्याकाळी पोट धरून आडवी झाली.

"काय काय केलंस? नीट आठव," तिने फोनवर विचारलं.

"पीठ कालवलं, साच्याला लोणी लावलं, मग... अरे देवा! मग वरून मैदा भुरभुरला. हात सवयीने गेला गं..."

तिचा संताप संताप झाला. आता हा म्हणणार, एवढ्याशानं काय होतंय! सगळे तेच म्हणतात.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "तुला त्रास झाला तो माझ्यामुळे. पुन्हा होऊ नये म्हणून काय करू? तू शिकव."

तिचे डोळे भरून आले. "बरी झाले की माझ्या स्वयंपाकघरात ये," ती म्हणाली. "आंघोळ करून. धुतलेले कपडे घालून."

तो आला, आणि सोबत त्याची आई!

"पोरी, याला पिठात वाढवला मी," आई म्हणाली. "तेव्हा मलाही शिकव. उद्या माझ्या घरी जेवशील तेव्हा चूक नको." मग लेकाकडे वळून, "गाढवा, आधी हात धू!"

या वेळी साच्यावर तांदळाचंच पीठ पडलं. केक फुगला. ती निर्धास्त जेवली, दोनदा मागून घेतलं. आई हळूच गॅलरीत गेली. "मला काही ऐकू येत नाही हं," असं तिथून ओरडूनही सांगितलं.

तो जवळ आला, आणखी जवळ... आणि थबकला.

"काय झालं रे?"

"सकाळी पाव खाल्लाय. म्हणजे... दात घासलेत. दोनदा!"

ती खळखळून हसली. एवढं प्रेमाचं वाक्य तिला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं.

"आवडतोस तू मला," ती म्हणाली. "मग इतका लांब का उभा आहेस?"