चुडा उतरणार नाही

सायकल थेट इंद्रायणीच्या टोपलीवर धडकली आणि पिंपरीच्या कारखान्यासमोर तिची भाकरी चिखलात गेली.

"डोळं गावी ठिवून आलात काय?"

"ठेवले होते... आत्ता सापडले," ज्योतीराम म्हणाला आणि बघतच राहिला. मेल्याला लाज म्हणून नाही! पण दुपारी त्याने आपली अर्धी भाकरी तिच्यापुढे ठेवली – ठेचा मात्र सगळा.

सत्तावन्न साल. ती चिखलीची, औषधाच्या बाटल्यांना बुचं लावणारी. तो साताऱ्याकडचा, युनियनचा पुढारी. गणपती उठेपर्यंत दोन्ही घरचा होकार आला.

पण कंपनीचा कायदा असा, की बाईने लग्न केलं की तिचं काम गेलं. पुरुषाने खुशाल संसार थाटावा! नवा चुडा दिसला की बाई फाटकावरूनच परत.

"चुडा उतरवून येत जा..." ज्योतीराम हळूच म्हणाला. "कुणाला कळतंय?"

"चोरी केलीया व्हय मी? सभेत समानता सांगता, आन् तुमच्या मागण्यांत आमची एक ओळ न्हाई!"

"तो... घरातला प्रश्न आहे, इंदू."

"मग घर एकट्यानंच मांडा!"

आठ दिवस तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवव्या दिवशी फाटकावरच्या सभेत तो उठला. "माझं चुकलं," म्हणाला आणि मागणी मांडली. मिशा पिळणारे हसले. तेव्हा त्याने बायकांचेही हात वर करायला लावले – आजवर ते कुणी मोजलेच नव्हते. मागणी पास झाली. कंपनीने ती केराच्या टोपलीत टाकली.

दिवाळीनंतर लग्न लागलं. पुढच्या सोमवारी फाटकावर चाळीसच्या चाळीस बायका हिरव्या चुड्यात उभ्या. विधवा गोजाबाईसुद्धा! साहेब चक्रावला.

"लग्न कुणी केलंय?"

"मी," ज्योतीराम पुढे झाला. "मला काढा."

"आमी बी केलंय, साहेब!" मागून कामगारांतला दत्तोबा ओरडला आणि सगळे पुरुष बाहेरच बसले. दुपारपर्यंत एक यंत्र हललं नाही. मग फाटक उघडलं – सगळ्यांना, चुड्यासकट.

साहेबाने वही पुढे ओढली. "नवऱ्याचं नाव?"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणे. इंद्रायणीने मान वर केली. उखाणा नाही, लाजणं नाही...

"ज्योतीराम!"

अख्ख्या फाटकाने ऐकलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"पुन्हा एकदा घे ना..." तो पुटपुटला.

"आदी मशीन चालू करा," ती म्हणाली आणि हसू दाबत आत गेली.