देह मिळेपर्यंत खेकडा नाही

खेकडा सांगितलात? बरं केलंत. या टपरीवरचा तिखट रश्श्यातला खेकडा फार चांगला असतो म्हणतात. 'म्हणतात' म्हणालो, कारण मी खात नाही. हसा, हसा. म्हाताऱ्याचे दात गेले असं वाटतंय ना तुम्हाला? दात शाबूत आहेत, बाळांनो. ताट यायला अजून वेळ आहे, तोवर ऐका. ही काही ऐकीव गोष्ट नाही. कुआला तेंगारला मी बर्फाची लॉरी घेऊन जायचो, तेव्हा पहिला बर्फ बून कियातच्या हॉटेलात उतरायचा. त्यानंच मला हे सांगितलं, तेही पूर्ण शुद्धीत, दारूचा थेंब न घेता.

दोन वर्षं झाली. चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्यातली चौदावी तारीख, शनिवार. सातवा महिना मेलेल्यांचा, त्यांच्या जगाचं फाटक तेव्हा उघडं असतं, हे तुम्हाला मी काय सांगू. दुपारी बून कियात मोटारसायकलला दोन रिकाम्या टोपल्या बांधून सुंगाय बुरोंगच्या खाडीकडे निघाला, खेकडे आणायला. काम रोजचंच. पण रोज खेकडे गावातच मिळायचे आणि त्या आठवड्यात गावात कोणी खेकडा विकत नव्हतं.

त्या गावाची रीतच तशी आहे. कोणी बुडालं आणि सापडलं नाही, तर देह मिळेपर्यंत गावात खेकडा कोणी पकडत नाही, शिजवत नाही, खात नाही. खेकडा म्हणजे पाण्यातला भंगारवाला. तळाला जे पडेल ते उचलतो. आता नीट सांगायची गरज आहे का? नाही ना? मग झालं.

बुडाला होता तो आ वेई, बून कियातच्या बायकोचा धाकटा भाऊ. एकटा जीव, स्वतःची होडी, बहिणीवर आणि भाचीवर भारी माया. आदल्या शनिवारी वारा सुटला होता, आ वेई नको म्हणत होता. बून कियातला गिऱ्हाइकांसाठी मासे हवे होते. चार लोकांदेखत तो मेहुण्याला म्हणाला, "भित्री भागूबाई! जा, बहिणीच्या कुशीत जाऊन झोप." लोक हसले. आ वेईनं होडी सोडली. दुसऱ्या दिवशी होडी सापडली, उलटी झालेली. माणूस नाही.

बायको, सियू फोंग, रोज संध्याकाळी धक्क्यावर जायची. भावाचा सदरा बांबूच्या टोकाला बांधायची आणि त्याला हाका मारायची. त्या दुपारी टोपल्या बघून ती दारात आडवी उभी राहिली.

"कियात, माझा भाऊ पाण्यात आहे."

"मग? चूल विझवून बसू?"

"चूल कोण विझव म्हणतंय? मासा दे, कोळंबी दे, काय हवं ते दे. फक्त खेकडा नको."

"राजधानीतून, केएलहून बस भरून माणसं येतायत, ती काय भाजी खायला? खेकड्यासाठी येतायत. आज परत पाठवली तर पुन्हा या गावाचं नावही घेणार नाहीत."

"तुझ्या पाया पडते..."

"पड आणि बाजूला हो," असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

रस्त्यावर टपऱ्यांची रांग लागते. तिथे पोह चू म्हातारी भल्या मोठ्या कढईत रुंद शेवया परतत होती. तिनं आपल्या पाटीवरच्या खेकड्याच्या चित्रावर कागद चिकटवला होता.

"टोपल्या घेऊन कुठे रे दौरा?"

"हवा खायला, आजी."

"हवाच खा. दुसरं काही खाऊ नकोस. जनाची नाही तर मनाची तरी ठेव!"

असल्या बोलण्यानं सोललं जाईल असलं बून कियातचं कातडं नव्हतं. तो सरळ खाडीवर गेला. तिथे समद नावाचा माणूस तिवरांच्या झाडीत पिंजरे लावतो. समदनं टोपल्या भरल्या खऱ्या, पण त्याच्याकडे न बघता.

"शेठ, तुमचा माणूस मिळाला का?"

"मिळेल."

"मग हे..."

"तुझी खाडी वेगळी, आमची नदी वेगळी. तुझ्या खेकड्यांचा काय संबंध?"

"खाडी वेगळी आहे," समद म्हणाला. "पाणी कुठे वेगळं आहे?" मग एक खेकडा हातात तोलत तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "भरलेत मात्र. या आठवड्यात असं काय मिळालं यांना, देव जाणे."

संध्याकाळी बस आली. हॉटेल नदीच्या तोंडावर, पाण्यात खांब रोवून बांधलेलं. फळ्यांखाली उधाण चढत होतं आणि वर टेबलांवर नांग्या फुटत होत्या. लोकांनी बोटं चाटली, फोटो काढले, बून कियातची पाठ थोपटली. कवचांच्या बादल्या भरल्या. त्यानं स्वतः मात्र एक तुकडाही तोंडात घातला नाही. का, हे मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "विकायचं ते खायचं नसतं." खरं खोटं तोच जाणे.

एक खेकडा त्यानं विकला नाही. नुकतीच कात टाकलेला, मऊ कवचाचा, असा फार क्वचित मिळतो. तो त्यानं अख्खा तळला आणि माडीवर मुलीकडे नेला. शिन यी, सहा वर्षांची, एकुलती एक. बाप कसाही असो, तिच्यावर त्याचा जीव होता, हे मी शपथेवर सांगेन. मांडीवर बसवून स्वतःच्या हातानं त्यानं तिला तो भरवला, कवचासकट. ताटलीत काही उरलं नाही.

"मामा आला की त्याला पण द्यायचा हं," पोरगी म्हणाली.

"हो. आणि आईला सांगायचं नाही."

बस गेली. देवळापुढे मेलेल्यांसाठी नाटक लागलं होतं, सगळा गाव तिकडे गेला होता. सियू फोंगही बांबू घेऊन तिकडेच होती. नोकरांना सुट्टी दिली. मुलगी वर झोपली. हॉटेलात बून कियात एकटा. त्यानं दिवे मालवले. माशांच्या काचेच्या टाकीचा निळा उजेड तेवढा राहिला.

साडेअकरा झाले असतील. टोपलीत चार-पाच खेकडे उरले होते, सुतळीनं बांधलेले. ते टाकीत सोडावेत म्हणून तो वाकला. तेव्हा त्याला दिसलं की शेवटच्या टेबलाशी कोणीतरी बसलं आहे. नदीत उतरायच्या पायऱ्यांपाशी. पाठमोरं.

"बंद झालं, साहेब. उद्या या."

माणूस हलला नाही. खुर्चीखाली पाणी ठिबकत होतं.

"साहेब...?"

"दाजी," तो माणूस म्हणाला. "भूक लागलीय."

बून कियातच्या हातातली टोपली पडली. दाजी म्हणणारं जगात एकच माणूस होतं. त्याला ओरडायचं होतं. पळायचं होतं.

"वाढ ना, दाजी."

त्यानं वाढलं. कसं ते त्याला आठवत नाही. टोपलीतलेच, कच्चे, सुतळीसकट ताटात ठेवले. टाकीच्या उजेडात त्याला बाही दिसली. ओली बाही. बाहीत हात नव्हता.

मग फुटण्याचा आवाज सुरू झाला. दातांनी. सावकाश. एक संपला. दुसरा. बून कियात भिंतीला टेकून उभा होता. आवाज थांबला.

"अजून."

"संपले..."

"ते काय आहे?"

तो बादल्यांकडे बघत होता. बून कियातनं बादल्या नेऊन ठेवल्या. चाखून, चोखून टाकलेली कवचं. तोही आवाज त्यानं ऐकला. फार वेळ ऐकला. देवळाकडून नाटकाचे ढोल येत होते.

मग बाहीतून हात आला. टेबलावर टेकला. पांढरा. ओला. दुसराही आला. बोटं एकेक करून पसरली.

"सगळं आलं, दाजी. फाटक बंद व्हायच्या आत पूर्ण व्हायला हवं ना. अर्धा माणूस आत घेत नाहीत." त्यानं डावा हात उजेडात धरला. "एक राहिलं."

डाव्या हाताला करंगळी नव्हती.

"एक खेकडा इथे नाही. त्याचं कवचही नाही. कोणी खाल्ला?"

बून कियातला माहीत होतं. माडीवर, पलंगाखाली, रिकामी ताटली होती.

"बसवाल्यांनी..."

"नाही."

"मला... मला नाही माहीत."

"बरं." तो हात पुढे आला. तळवा वर. "मग तुझी दे. तुझी चालेल मला. तूच पाठवलंस ना मला? दे आणि मोकळा हो."

पोरांनो, करंगळी. लहानशी करंगळी. तिच्यावाचून माणसाचं काय अडतं? बून कियातनं ते मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं. मला त्यानं तसं सांगितलं. दे, दे, दे. आणि त्याच्या हातांनी त्याचं ऐकलं नाही. दोन्ही हात पाठीमागे गेले. मुठी आवळल्या.

"दाजी?"

...

"देत नाहीस?"

...

वर फळी करकरली. मुलीनं कूस बदलली होती. दोघांनीही ऐकलं. त्या माणसानं मान वर केली.

"वर कोण आहे?"

"कोणी नाही," बून कियात म्हणाला.

हे मात्र त्याला लगेच बोलता आलं.

तो माणूस उठला. जिन्याकडे गेला नाही. नदीच्या पायऱ्या उतरून पाण्यात गेला. जराही खळबळ झाली नाही. बून कियातनं दार लावलं, फळ्या पुसल्या, ताट धुतलं. मला म्हणाला, "आपेक काका, खोटं कशाला बोलू? मला हसू आलं. सुटलो, असं वाटलं." वर जाऊन मुलीला बघून यावं, हे त्याच्या मनात आलं. पण जिना चढायचा धीर झाला नाही. नीच माणूस! सकाळपर्यंत तो खाली खुर्चीवरच बसून राहिला.

पहाटे ओहोटी लागली आणि पायऱ्यांपाशी आ वेई सापडला. आठवडाभर पाण्यात राहिलेला देह कसा असतो ते तुम्ही कोळ्यांना विचारा. हा तसा नव्हता. झोपल्यासारखा, अंगावर ओरखडा नाही. सगळा गाव जमला. पोह चू म्हातारी गुडघ्यांवर बसून हात जोडत म्हणाली, "आला बाई, अख्खा आला." सियू फोंगनं भावाचे हात आपल्या हातात घेतले, एकेक बोट पुसलं. डाव्या हाताशी आल्यावर ती थांबली.

दहाही बोटं होती. पण करंगळी लहान होती. मऊ, गुबगुबीत, लहान पोराची असते तशी.

आईला काय ओळखायला वेळ लागतो? ती उठली आणि माडीवर धावली. शिन यी गाढ झोपली होती. पांघरुणावर रक्ताचा डाग नाही. डाव्या हाताला चार बोटं, आणि पाचव्याच्या जागी गुळगुळीत कातडी. दवाखान्यातल्या डॉक्टरनं एक्स-रे काढला. हाड नाही, सांधा नाही, जखमेची खूण नाही. ही जन्मतःच अशी असणार, तो म्हणाला. सियू फोंग त्याला म्हणाली, "डॉक्टर, परवाच मी त्या बोटाचं नख कापलंय."

परत येताना गाडीत तिनं मुलीला जवळ घेऊन विचारलं, कोण आलं होतं, काय झालं. पोरगी अजिबात घाबरलेली नव्हती.

"मामा आला होता. म्हणाला, तू घेतलंस ते परत दे. मी म्हटलं, बाबांचं घे, त्यांचं मोठं आहे. तर म्हणाला, त्यांना आधी विचारलं, ते नाही म्हणाले."

बून कियात गाडी चालवत होता. त्या दिवसानंतर सियू फोंग त्याच्याशी कधीच बोललेली नाही.

दुसऱ्या दिवशी आ वेईची मयत होती. पेटी हॉटेलातच ठेवली होती, टेबलं बाजूला सारून. मी बर्फ घेऊन गेलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. झाकण लावायच्या आधी सियू फोंगनं भावाचा डावा हात शेवटचा हातात घेतला. सगळा देह गार पडलेला. तिचा चेहरा एकदम बदलला. तिनं माझा हात ओढून त्या करंगळीवर टेकवला.

करंगळी कोमट होती.

सियू फोंगनं ती चिमटीत धरून हळूच दाबली.

"आई, हळू ना," पलीकडे, दारात पाठमोरी बसलेली शिन यी म्हणाली. "दुखतंय."

मयत उचलायची वेळ ठरलेली होती. माणसांनी झाकण लावलं आणि खिळे आणले.