धडधडचा न निघालेला अंक

ही गोष्ट खरी आहे.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते, हे मला माहीत आहे. माझ्याकडे रात्र नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. गेल्या मे महिन्यात, देगलूरला, माझ्या स्वतःच्या दुकानात. आणि नंतर करडखेडच्या रस्त्यावर.

ऊन असं होतं की गल्लीतली कुत्रीसुद्धा नाल्यात जाऊन बसली होती.

माझ्याशिवाय तिघांनी हे पाहिलं. तिघांनाही विचारता येईल. फक्त वहिनींना विचारू नका.

आधी सीडीचं सांगतो.

माझा थोरला भाऊ सुदर्शन. गाड्यांचा वेडा. त्याचा दोस्त निजामोद्दीन जुन्या बुलेट घ्यायचा, कापायचा, पुढचं चाक लांब काढायचा, पत्रा ठोकून नवी टाकी बनवायचा. दादा त्याचं शूटिंग करायचा. मग दोघांनी मिळून एक मासिक काढलं. कागदाचं नाही, सीडीचं.

नाव 'धडधड'.

सीडी कॉम्प्युटरात टाकली की काळा पडदा यायचा. त्यावर चार बटणं. गाड्या. गाणी. गप्पा. पुढच्या अंकात.

'गाड्या'मध्ये निजामभाईच्या गाड्या. 'गाणी'मध्ये आमच्याकडची बँजो पार्टी, आणि मदनूरच्या बाजूची लक्ष्मम्मा, तेलुगू गाणारी. ती बटणं मी बनवायचो. सीड्या मीच राईट करायचो. लोक गाण्यासाठी विकत न्यायचे आणि गाड्या बघत बसायचे.

दोन अंक निघाले. दुसऱ्या अंकात 'पुढच्या अंकात' हे बटण मी रिकामं ठेवलं. दाबलं की नुसता काळा पडदा.

"पुढल्या बारीला आपली स्वतःची गाडी टाकू," दादा म्हणाला होता. "आधी पुरी तर होऊ दे."

पुरी झाली नाही. दादाला कावीळ झाली. नांदेडला नेलं. परत आणलं ते…

त्याची मुलगी प्रियदर्शनी तेव्हा रांगत होती. गाडीचा सांगाडा निजामभाईच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिला.

आणखी एक सांगायला हवं. दादाची शूटिंगची रीत.

गाडी समोरून दिसावी म्हणून तो निजामभाईच्या गाडीवर उलटा बसायचा. पाठीला पाठ लावून, तोंड मागं, हातात कॅमेरा. मागून येणाऱ्याला ओरडायचा, "जवळ ये! अजून! लई लांब हाईस!"

म्हणून धडधडच्या प्रत्येक फितीत दोन इंजिनं ऐकू येतात. एक दिसणाऱ्या गाडीचं. दुसरं, जिच्यावर दादा बसलाय त्या न दिसणाऱ्या गाडीचं.

आता मे महिना.

प्रियदर्शनी लातूरला पॉलिटेक्निकला आहे. आम्ही तिला दर्शू म्हणतो. सुट्टीला आली आणि थेट निजामभाईच्या गॅरेजमध्ये शिरली.

"चाचा, बाबांची गाडी पुरी करायची."

वर्षाराणी वहिनी माझ्याकडे आल्या. पदरानं मान पुसत म्हणाल्या, "भाऊजी, तिला समजवा. भंगारात घाला ते. एक मानूस गेला तेवढं बास झालं."

"वहिनी, दादा गाडीनं न्हाई गेला."

"गाडी सोडून दवाखान्यात वेळेवर गेले का?"

मी दर्शूला समजावून बघितलं.

पोरगी ऐकेना. तिला आवाजही बाबांच्याच गाडीचा हवा होता. दुसऱ्या अंकात, 'गप्पा'मध्ये, दादानं ते इंजिन एकदा चालू करून दाखवलं होतं. टाकी नव्हती, म्हणून सलाईनच्या बाटलीत पेट्रोल भरून टांगलं होतं. तेवढाच आवाज उरला होता.

निजामभाई मीटर बघून काम करत नाहीत. सायलेन्सरची जाळी काढतात, कापतात, घालतात, ऐकतात. पुन्हा काढतात. त्यांना तो आवाज कानाशी हवा होता. सीडी चालणारा कॉम्प्युटर फक्त माझ्याकडे. दुकान आणि गॅरेज समोरासमोर. मी गल्लीवरून वायर टाकली आणि एक स्पीकर त्यांच्या गाडीशेजारी ठेवला.

ही आमची चूक.

म्हणजे, मला तसं वाटतं. मेलेल्या माणसाच्या गाडीला त्याच्याच गाडीचा आवाज दिवसभर ऐकवत ठेवायचा…

पहिल्या दुपारी मी दर्शूला सगळा अंक दाखवत होतो. "हे शेवटचं बटण रिकामं आहे," म्हणत मी ते दाबलं.

काळा पडदा.

आणि मग…

खट्.

खट्.

खट्.

कोणीतरी किक मारत होतं. गाडी पेटत नव्हती.

गल्लीपलीकडून निजामभाई ओरडले, "कोन हात लावून राहिलं रे गाडीला? मी च्या पिऊन राहिलो इकडं!"

"चाचा, स्पीकरमधून येऊन राहिला आवाज!" दर्शू हसली. मग माझ्याकडे वळली. "काका, हे बाबांनी कधी भरलं?"

"भरलं असंल कधीतरी," मी म्हणालो.

पण त्या बटणामागे काहीच नव्हतं. सीडी मी राईट केली होती. तसली सीडी एकदा राईट झाली की तिच्यावर पुन्हा काही चढत नाही. दर्शू गेल्यावर मी सीडीतल्या सगळ्या फायली उघडून बघितल्या.

किकचा आवाज एकाही फाईलमध्ये नव्हता.

उन्हाचे दिवस, जुनी मशीन. माणूस स्वतःची समजूत घालतो.

मग इंजिन पेटलं. खरंखुरं, गॅरेजमध्ये, एका सकाळी. निळा धूर निघाला. निजामभाई नाचलेच. "या अल्ला, पेटली की गं पोरी!" दर्शूनं शिट्टी मारली. गल्लीतल्या बाया दारात आल्या. मी तिथंच उभा होतो. कोणाच्या हातात मोबाईल नव्हता. हे मी पुन्हा सांगतो. कोणाच्याच हातात मोबाईल नव्हता.

दुपारी दुकानात येऊन मी ते बटण दाबलं. का दाबलं, सांगता येत नाही. राहवत नव्हतं.

▶ काळा पडदा. किक. किक. इंजिन पेटतं. 'या अल्ला, पेटली की गं पोरी!' शिट्टी.

समोर निजामभाईंच्या हातातला पाना खाली पडला. स्पीकर त्यांच्याच पायाशी होता.

ते गल्ली ओलांडून आले. दुकानाच्या पायरीवर बसले.

दर्शूचं उलट. तिचे डोळे चमकत होते. "काका, बाबा ऐकून राहिलेत आपल्याला!"

"सीडी काढ, शिवा," निजामभाई म्हणाले.

"हात तर लावा सीडीला," दर्शू म्हणाली. एकोणीस वर्षांची पोरगी. तिला वडिलांचा एकही शब्द आठवत नाही. मी सीडी काढली नाही.

मग टाकी रंगवली. रंग तिनं स्वतः कालवला. हिरवा, कोवळ्या हरभऱ्याचा. टाकी अजून उन्हात वाळत होती. वहिनी पोरीचा डबा घेऊन दुकानात आल्या होत्या. दर्शूनं आईसमोरच बटण दाबलं.

या वेळी चित्र आलं.

▶ रस्ता. दोन्ही बाजूंना बाभळी. करडखेडचा रस्ता. समोरून गाडी येते. टाकी हिरवी. गाडीवर दर्शू. केस मोकळे, हसते आहे. गाडी जवळ येते. कॅमेरा हलत नाही, थरथरतो फक्त. एक आवाज, कॅमेऱ्याच्या अगदी जवळचा: 'जवळ ये. अजून. लई लांब हाईस.' ती जवळ येते. आणखी. चेहरा पडदाभर होतो… काळा पडदा.

वाळत घातलेली टाकी दारातून दिसत होती. गाडीवर अजून बसवलीही नव्हती.

वहिनींच्या हातातून डबा निसटला नाही. त्या किंचाळल्या नाहीत. त्या खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "परत लावा."

मी लावलं.

"परत."

त्या चित्राकडे बघतच नव्हत्या. डोळे मिटून ऐकत होत्या.

"आवाज बदलला न्हाई त्यांचा," त्या म्हणाल्या. "भाऊजी… जाऊ द्या पोरीला. चालवू द्या."

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त भीती वाटली असेल तर ती या वाक्याची.

निजामभाई दारात उभे होते. चेहरा राखेसारखा. त्यांनी मला बाहेर ओढलं.

"तू ऐकलं न्हाई, शिवा?"

"दादाचा आवाज? ऐकला की."

"तो न्हाई. दुसरी गाडी. दुसरी गाडी कुठंय?"

मी पुन्हा आत गेलो. पुन्हा ऐकलं.

फितीत एकच इंजिन होतं. दर्शूचं.

ज्या गाडीवर बसून ते शूटिंग झालं होतं… तिला आवाज नव्हता.

दर्शूला थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं. आई बाजूनं, पोरगी हट्टी. निजामभाईंनी किल्ली लपवली, तर तिनं वायर जोडून गाडी चालू केली. शेवटी निजामभाईच म्हणाले, "जाऊ दे तिला. पन रस्त्यावर तिच्या पुढची, शूटिंगवाल्याची जागा मोकळी सोडायची न्हाई. तिथं आपन बसू. आपन असल्यावर दुसरं कोन बसनार?"

मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

म्हणून त्या दुपारी निजामभाईंच्या गाडीवर मी उलटा बसलो. दादाच्या जागी. पाठीला पाठ, तोंड मागं. हातात मोबाईल, कारण दर्शूनं बजावलं होतं, "काका, शूटिंग झालं पायजे हां. झोपू नका मागं!"

"झोपायला काय पाळना हाय का हा?" मी म्हणालो. ती हसली. डोक्यावर हेल्मेट घालायला मी लावलं होतं. तेवढं तरी फितीपेक्षा वेगळं असू दे म्हणून.

गाव मागं पडलं. बाभळी सुरू झाल्या.

उलटं बसल्यावर एक गोष्ट कळते. पुढं काय आहे ते तुम्हाला कधीच दिसत नाही. तुम्हाला फक्त मागच्याचा चेहरा दिसतो.

दर्शूनं हेल्मेटची काच वर केली होती. हसत होती. मी मोबाईल धरला आणि…

ती माझ्याकडे बघत नव्हती.

तिची नजर माझ्या खांद्यावरून पुढं जात होती. निजामभाईंच्याही पुढं. दूर कुठंतरी.

ती मान हलवत होती. होकारार्थी. कोणीतरी काही सांगावं आणि आपण हो हो म्हणावं, तशी.

मी ओरडलो, "दर्शू, हळू!"

मला माझाच आवाज आला नाही.

तेव्हा लक्षात आलं. खालची गाडी थरथरत होती, सीट गरम होतं, पाय सायलेन्सरला भाजत होता. पण निजामभाईंच्या गाडीचा आवाज येत नव्हता.

एकच इंजिन ऐकू येत होतं. दर्शूचं.

तिनं गाडी बाजूला घेतली. आम्हाला मागं टाकायला. वेग वाढवला. एक हात हँडलवरून उचलला, आणि पुढं केला. लहान लेकरू उचलून घ्या म्हणून करतं, तसा.

मी कोपरानं निजामभाईंच्या पाठीत मारलं. पुन्हा मारलं.

निजामभाईंनी गाडी आडवी घातली.

जग फिरलं. माती तोंडात गेली. आणि मग एकदम सगळे आवाज परत आले. ब्रेक, काच, कावळे. हिरवी टाकी रस्त्यावर घासत गेली आणि बाभळीखाली थांबली.

दर्शू उठून बसली. कोपर सोललं होतं, बाकी काही नाही. मी धावत गेलो. तिनं माझा हात झटकला.

"तुम्ही कामून आडवे आलात?" ती रडत होती. "ते थांबले होते ना माझ्यासाठी!"

मी निजामभाईंकडे बघितलं. गाडी चालवताना पुढं बघत होते ते. त्यांनाच माहीत.

"काय होतं पुढं?"

"काहीच नव्हतं." ते हातातली माती बघत राहिले. "मे म्हैन्यातला लग्नसराईचा दिवस. त्या रस्त्याला टमटम न्हाई, बैल न्हाई, शेरडू न्हाई. उन्हात डांबर चमकतं ना, तेबी न्हाई. शिवा, पुढं रस्ताच नव्हता रे दिसत. नुस्तं काळं."

मोबाईलमध्ये काही आलं नाही. बटण दाबायचं राहून गेलं होतं, किंवा दाबूनही आलं नाही.

सीडीवर मात्र आलं.

▶ करडखेडचा रस्ता. समोरून निजामभाई येतात, घामानं भिजलेले. त्यांच्या मागं माझं डोकं, मागच्या बाजूनं. शेजारून हिरवी टाकी पुढं येते. निजामभाईंची गाडी आडवी होते. धूळ. कॅमेरा थांबत नाही. आम्ही लहान लहान होत जातो. आणि तो आवाज, आता चिडलेला: 'शिवा, मधी यायचं न्हाई.'

माझा थोरला भाऊ माझ्यावर उभ्या आयुष्यात कधी चिडला नव्हता.

म्हणून मी स्वतःला सांगतो की तो दादा नाही. दुसरं काहीतरी आहे, दादाच्या आवाजातलं. आणि लगेच दुसरा विचार येतो. बापाला लेकरू जवळ घ्यावंसं वाटलं, तर तो ते कसं घेईल? तो कुठं आहे आणि लेकरू कुठं आहे, हे त्याला कोणी सांगितलंय?

दर्शू लातूरला परत गेली. माझा फोन उचलत नाही. निजामभाईंनी गाडीचं इंजिन उतरवून ठेवलंय. परवा कोणीतरी त्यांना लातूरहून फोन केला, इंजिनाचे कोणते नट किती आवळायचे ते विचारायला. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

सीडी मी मोडली असती. पण वहिनी रोज दुपारी येतात. खुर्ची ओढतात, डोळे मिटून बसतात. मी बटण दाबतो. त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही.

काल त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या. चेहऱ्यावर खूप वर्षांनी जरा हसू होतं.

"दिवाळीला दर्शू येनार हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी बसते तिच्या मागं. दोघी संगंच जाऊ. मग तर त्यांना सारखं सारखं बोलवावं लागनार न्हाई ना?"